फळं संपल्यानंतर

जून उजाडला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो, “या वीकएंडला स्ट्रॉबेरी पिकिंगला कोण कोण येतंय?” मग चार-पाच मिनीव्हॅन निघतात. कुणाच्या डब्यात ठेपले, कुणाकडे भडंग. शेतावर पोचल्यावर टोपलीत जितकी फळं पडतात त्याच्या दुप्पट पोटात जातात. शेतकऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं आणि तो सभ्यपणे दुसरीकडे बघत उभा राहतो. संध्याकाळी प्रत्येक घरात कुणी जॅम करतं, कुणी श्रीखंडात घालतं, आणि सोमवारी ऑफिसात पाठ धरलेली असते.

जुलैमध्ये त्याच शेतात काय चालतं हे बघायला मात्र आपल्यापैकी कुणी जात नाही. मीही कधी गेलो नव्हतो. संपादकांनी यंदा “स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, फक्त कॉम्प्युटरवर नको,” अशी ताकीद दिली तेव्हा म्हटलं, चला, जुलैबद्दलच लिहू.

आधी माझी पात्रता सांगतो. मी २००० सालच्या ऑगस्टमध्ये दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन एम.एस. करायला ओहायोत उतरलो. तिथून पुढची गोष्ट आपल्या सगळ्यांची सारखीच आहे, तेव्हा ती सोडून देतो. शेतीशी संबंध एवढाच की मी वाईचा, आणि माझा मामा पसरणी घाट चढून गेल्यावर पाचगणीच्या पुढे एका गावात स्ट्रॉबेरी लावतो. लहानपणी मार्च महिन्यात मामाकडून पुठ्ठ्याच्या खोक्यात फळं यायची. वरच्या थरात मोठी, खालच्या थरात बारीक. आई ती पुन्हा निवडून शेजारी वाटायची आणि शेजाऱ्यांकडे नेमकी मोठी जायची. त्याचा राग मला अजून आहे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी पोस्टाने पंचवीस रोपांची जुडी मागवली. जात ‘अर्लीग्लो’. मेरीलंडमध्ये अमेरिकन कृषी खात्याच्या संशोधकांनी काढलेली ही जुनी जात, १९७५ पासूनची. फळ फार मोठं नाही, पण गोडी अशी की दुकानातली स्ट्रॉबेरी नंतर काकडीसारखी लागते. जुडी उघडली तर आत माती नाही, पानं नाहीत, नुसत्या तपकिरी मुळ्या. बायको म्हणाली, “हे आयुर्वेदिक दुकानातून आलंय का?” मागच्या अंगणात वीस-वीस फुटांच्या दोन ओळी केल्या आणि लावली. पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाकायची असतात, म्हणजे रोपाची ताकद मुळांत जाते. मी फुलं खुडत होतो आणि तेव्हा आठ वर्षांची असलेली माझी लेक शेजारी उभी राहून रडत होती.

२०१७ च्या जूनमध्ये मात्र कमाल झाली. रोज सकाळी दोन-दोन पातेली भरत. मी ऑफिसात फळं नेली, मराठी शाळेत वाटली, फोटो काढून मामाला पाठवले. मामाचं उत्तर आलं, “बारीक हाईत.” मी मनावर घेतलं नाही. मी आता स्ट्रॉबेरी उत्पादक झालो होतो.

जून संपला, फळं संपली, मीही तिकडे जायचा थांबलो. जुलैमध्ये आम्ही भारतात गेलो. ऑगस्ट-सप्टेंबरात क्लायंटकडे गो-लाइव्ह होतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉल. त्या दोन ओळींत गवत माजलं, रोपांनी चारी बाजूंना तंतू फेकून एकच गोधडी करून टाकली, पानांवर जांभळे ठिपके पडले. मला वाटलं, हंगाम संपल्यावर झाडं अशीच दिसत असणार.

२०१८ च्या जूनमध्ये सगळी मिळून दोन वाट्या फळं निघाली, तीही मटाराएवढी.

इथे न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची विस्तार सेवा प्रत्येक काउंटीत आहे, आणि ‘मास्टर गार्डनर’ स्वयंसेवक फोनवर बागेच्या शंका सोडवतात, हे आपल्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. एक पैसा पडत नाही. मी फोन केला. पलीकडे एक आजीबाई होत्या. मी त्यांना जूनमध्ये काय काय झालं ते सविस्तर सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “गेल्या जुलैमध्ये काय केलंत?”

“इंडियाला गेलो होतो.”

“आणि ऑगस्ट-सप्टेंबर?”

“कामात होतो.”

त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग रोपांनीही सुट्टी घेतली.”

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या अंगणात रोपं आहेत. जूनमध्ये एकदाच फळणाऱ्या जातींमध्ये पुढच्या जूनची कळी आदल्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत धरते. दिवस लहान होऊ लागतात, हवा गार होते, आणि रोपाच्या मधल्या गड्ड्यात, ज्याला इथे क्राऊन म्हणतात त्यात, डोळ्यांना न दिसणारी कळी तयार होते. वसंतात आपण जे बघतो ते आधीच ठरलेलं असतं. त्या पाच-सहा आठवड्यांत रोप तहानलेलं किंवा गवतात गुदमरलेलं असेल, तर एप्रिलमध्ये कितीही खत ओता, उपयोग शून्य. उलट वसंतात जास्त नत्र दिलं तर पानंच माजतात आणि फळं मऊ पडतात. म्हणजे आपण ज्याला हंगामाचा शेवट म्हणतो, तिथेच त्या रोपाचं वर्ष सुरू होतं.

म्हणून शेवटचं फळ तोडल्यावर आठवड्या-दहा दिवसांत कामाला लागायचं. आधी गवत काढायचं. मग, आणि इथे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं, लॉनमोअर सगळ्यात उंच खाचेवर लावून तो सरळ रोपांवरून फिरवायचा. क्राऊनच्या वर इंच-दीड इंच ठेवून सगळी पानं कापून टाकायची. जुन्या पानांवर रोग असतो, कोळी असतात. ती गोळा करून फेकायची. मग ओळी कडांनी खणून फूटभर रुंदीच्या करायच्या, दाटी विरळ करायची, दोन रोपांत सहा इंच तरी सोडायचे. जुनी, लाकडासारखी कडक झालेली रोपं काढायची, तरणी ठेवायची. थोडं खत द्यायचं आणि वर अर्धा इंच माती भुरभुरायची, कारण क्राऊन दर वर्षी थोडा वर सरकतो आणि नवी मुळं जुन्यांच्या वरच्या अंगाला फुटतात. त्यांना माती मिळाली नाही तर ती वाऱ्यावरच वाळतात. मात्र माती क्राऊनच्या तोंडात जाता कामा नये. त्यानंतर आठवड्याला एक इंच पाणी. एक इंच म्हणजे किती, हे कळायला फवाऱ्याखाली सरळ कडांचा रिकामा डबा ठेवायचा. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा थोडं खत. आणि जुलै उलटून गेला असेल तर कापायचं नाही, कारण मग नवी पानं यायला वेळ उरत नाही. ज्या जाती उन्हाळाभर थोडं थोडं फळ देत राहतात त्यांना तर हे कापणं अजिबात लागू नाही. आमच्या मंडळातल्या एका उत्साही सभासदाने माझं अर्धवट ऐकून तसल्या रोपांवर मोअर फिरवला. ते अजून माझ्याशी जपून बोलतात.

मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. २०१८ च्या जुलैमध्ये तसंच केलं. चार महिन्यांनी, नोव्हेंबरात, बाबा गेले.

ते हृदयविकाराने गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पंधरा दिवस लोक येत होते, मी चहा देत होतो. एका रात्री झोप येईना तेव्हा मला आदल्या वर्षीची, २०१७ च्या जुलैमधली एक सकाळ आठवली. बाबा रोज पहाटे वाईहून मेणवलीच्या घाटापर्यंत चालत जायचे, तीस वर्षांचा नेम. त्या सुट्टीत मी एक दिवस बरोबर गेलो. अर्ध्या वाटेत ते थांबले, नदीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “चल, परत फिरू. पाऊस येईल.” आभाळ होतं, पण पाऊस येण्यासारखं नव्हतं. मला ते दिसलं होतं. मी काही विचारलं नाही. मग परत आलो, गो-लाइव्ह होतं. दर रविवारी फोन व्हायचा. “कसे आहात?” “आम्ही मजेत. तुम्ही?” “मजेत.” “आईला देतो.” चार मिनिटं. हेल्पलाइनवरच्या बाईंशी मी चाळीस मिनिटं बोललो होतो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बॅगेतून मेतकूट, गोडा मसाला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खुरपं निघालं. “तू ते लांब दांड्याचं वापरतोस ना, त्याने काही होत नाही,” म्हणाली. आई गणिताची शिक्षिका, वाईतल्या शाळेतून निवृत्त झालेली. तिने पहिल्या आठवड्यातच बागेचा ताबा घेतला. एप्रिलअखेरीस रोपं फुलावर असताना एका रात्री दंव पडणार असं कळलं, तेव्हा तिने स्वतःच्या दोन जुन्या साड्या काढून त्यांवर पसरल्या. स्ट्रॉबेरीचं फूल गोठलं तर मधला भाग काळा पडतो आणि फळ धरत नाही. आमची सगळी फुलं वाचली. त्या जूनमध्ये पातेली पुन्हा भरली. रोज सकाळी पहिली दोन फळं देवापुढे, मग बाकीच्यांना. मामाला व्हिडिओवर दाखवली तर मामा म्हणाला, “आता बरी हाईत.”

मामाशी तेव्हा आईचा एक वादही झाला. तिकडे महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी हे एका वर्षाचं पीक. पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या सुमारास गादीवाफ्यावर रोपं लावायची, मल्चिंग पेपर, ठिबक, नाताळच्या आधी फळ सुरू, एप्रिल-मेपर्यंत संपवायचं. पुढे जूनमध्ये जो पाऊस कोसळतो त्यात, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, कुठलं रोप टिकणार? म्हणून उपटायचं. नवी रोपं बाहेरून आणलेल्या मातृरोपांपासून खाली वाईच्या बाजूला रोपवाटिकांत तयार होतात. मामाला आमचा प्रकार कळेना. “एकदा फळ दिलं की झालं की! उपटून टाक आन् नवी लाव. चार-चार वर्सं कशाला सांभाळत बसायचं?” आई म्हणाली, “तुमच्याकडे पाऊस आहे म्हणून उपटता. इथे काय अडलंय?” तो म्हणाला, “आक्का, तू आता अमेरिकेची झालीस.” ती काही बोलली नाही.

कारण घरात नेमका तोच विषय चालू होता. मला आईचं ग्रीन कार्ड करायचं होतं. मी नागरिक, कागदपत्रं सरळ होती. वाईचं घर विकायचं, ती इथे राहायची, असं मी आणि बायकोने रात्री बसून, सगळं तपासून ठरवलं होतं. फॉर्म भरून टेबलावर ठेवले होते. फक्त तिची सही हवी होती. आई ते रोज उचलून त्याखालचं टेबल पुसायची आणि परत तसेच ठेवायची.

चार जुलैला लागून आलेल्या शनिवारी मी मोअर बाहेर काढला. आपण काय करणार आहोत हे तिला आधी सांगावं, एवढंही मला सुचलं नाही. पहिली ओळ अर्धी झाली तेव्हा ती धावत बाहेर आली, हात साबणाचे. “अरे थांब! काय करतोस? हिरवीगार झाडं आहेत!” मी मोअर लगेच बंद केला नाही. ओळ पूर्ण केली आणि मग बंद केला. ते मला आजही आठवतं. मागे उरली होती नुसती तपकिरी खुंटं, आणि हवेत कापलेल्या पानांचा वास.

“कालपर्यंत यांची फळं खात होतास ना?”

मी तिला कळी, क्राऊन, रोग, सगळं समजावलं, क्लायंटला समजावतो तसं. ती ऐकत नाही असं वाटलं आणि ऊनही होतं, म्हणून वर म्हणालो, “आई, इथल्या गोष्टी तुला कळणार नाहीत. मी सगळं वाचून केलंय.”

“घराचंही वाचूनच ठरवलंयस का?” तिने विचारलं आणि आत गेली.

रात्री जेवताना मुलंच काय ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर आई बाहेर होती. पदर खोचून, खुरप्याने ओळींच्या कडा सरळ करत होती. माझ्या लांब दांड्याने जे दोन वीकएंड लागले असते ते तिने तीन सकाळींत केलं. फक्त विरळणी तिला जमेना. रोप उपटून फेकायचं हे तिच्या हातून होईना. मग उपटलेलं प्रत्येक रोप तिने दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलं आणि गणपतीच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना वाटलं. तुमच्यापैकी आठ-दहा घरांत ती रोपं आली आहेत. जगली का, ते जरूर कळवा. ती अजून विचारते.

रोज संध्याकाळी पाणी तीच घालायची. डबा ठेवून इंच मोजायची. पट्टी आमच्या मुलाच्या दप्तरातली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी घरून मीटिंगवर होतो तेव्हा तिने खिडकीवर टकटक केली. मी हातानेच ‘नंतर’ म्हणून खूण केली. तिने पुन्हा टकटक केली. बाहेर गेलो तर प्रत्येक खुंटाच्या मधोमध पंख्यासारखी घडी घातलेली, पोपटी, लहान मुलाच्या नखाएवढी पानं आली होती. आम्ही दोघं तिथे उकिडवे बसलो. कोणी काही बोललं नाही. मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं गेलं होतं, असं नंतर कळलं.

ऑगस्टमध्ये रोपांनी पुन्हा तंतू सोडले. यांना रनर म्हणतात. आईरोपाने फेकलेला तंतू, त्याच्या टोकाला लेकरू. लेकराला माती लागली की ते मूळ धरतं, आणि मग मधला तंतू आपोआप वाळून जातो. जे लवकर मूळ धरतात ते पुढच्या जूनमध्ये चांगले फळतात, उशिराचे नुसते गर्दी करतात, ते कापायचे. आईने लवकरचे तंतू बरोबर वळवून ओळीतल्या मोकळ्या जागी आणले. प्रश्न होता ते जागेवर धरून ठेवायचा. ती आत गेली आणि अंबाड्याचे आकडे घेऊन आली. एका तंतूला एक आकडा. अंतर मोजायला मूठ वळून अंगठा ताणायची. “सहा इंच,” म्हणायची. मी पट्टीने पडताळलं, बरोबर सहा. एकवीस आकडे लागले. तिच्याकडचे संपले तेव्हा डॉलर स्टोअरमधून पाकीट आणलं, तर ते तिला फार मऊ वाटले. “अमेरिकेत आकडा धड मिळत नाही,” ही तिची या देशाबद्दलची एकमेव तक्रार.

त्याच दिवसांत कधीतरी मी तिला या फळाची कुळकथा सांगितली. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात कुठल्याच रानातली नाही. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ साली चिलीहून मोठ्या फळांची काही रोपं फ्रान्सला आणली. समुद्रप्रवासात मोजकी जगली. पण ती सगळी मादी निघाली, त्यामुळे वर्षानुवर्षं फळ धरेना. पुढे त्यांच्याशेजारी उत्तर अमेरिकेतून, व्हर्जिनियाकडून, आलेली लहान फळांची स्ट्रॉबेरी लावली गेली आणि त्यांच्या संकरातून ही जात झाली. तो संकर आहे हे १७६६ मध्ये द्युशेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने पुस्तक लिहून सांगितलं. मला वाटलं आईला हे आवडेल. ती म्हणाली, “म्हणजे दोघंही परक्या गावात भेटली.” मग थोड्या वेळाने, “पण चिलीतल्या रानात जुनी रोपं राहिली असतीलच की अजून.”

ऑक्टोबरच्या मध्यावर ती परत गेली. फॉर्मवर सही नव्हती. घर विकायचं नाही, हे तिने फॉर्मवरच पेन्सिलीने, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं. विमानतळावर तिने विचारलं, “ते गवत कधी पसरायचं?” थंडीत रोपांवर तीन-चार इंच वाळलेलं तणस पसरतात, नाहीतर जमीन गोठण्या-वितळण्यात मुळं वर उचलली जातात. रोपं गारठून स्वस्थ झाल्यावरच घालायचं, आधी घातलं तर सडतात. “थँक्सगिव्हिंगनंतर,” मी म्हणालो. “विसरू नकोस,” ती म्हणाली.

विसरलो नाही. २०२० च्या जूनमध्ये आम्हाला आजवरची सर्वांत जास्त फळं आली, आणि तोवर जग बंद झालं होतं. ना पिकिंग, ना मराठी शाळा, ना कुणाला वाटायची सोय. मी पातेली दारांबाहेर ठेवून फोन करायचो. तिकडे एप्रिलमध्ये टाळेबंदीत मामाचा माल उचलायला गाडी येईना. त्याने पेट्याच्या पेट्या गाईंना घातल्या. हे सांगताना तो हसत होता, पण नेहमीचं ‘बारीक हाईत’ काही त्याच्या तोंडून आलं नाही. आई वाईला एकटी होती. मी रोज फोन करायला लागलो. तिला ‘कशी आहेस’ विचारायचं सोडलं, कारण उत्तर ठरलेलं. ‘आज काय केलंस’ विचारू लागलो. त्यातून निदान काही कळायचं.

२०२२ पासून मी स्वतंत्र कन्सल्टंट म्हणून काम करतो. सहा आठवडे वाईला राहतो, तिथून काम करतो. डिसेंबरात नाही, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरीपर्यंत. मित्र विचारतात, पावसात तिथे काय करतोस? खरंच काही नाही. कपडे वाळत नाहीत, लाइट जाते, लग्नकार्य नसतं, कोणी भेटायला येत नाही. आई दुपारी झोपते, मी रात्री कॉल घेतो. पण २०२३ मध्ये तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की ती सकाळी पेपर उघडते, पण पान उलटत नाही. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. “वाचते की मी,” असंच ती वर्षभर फोनवर सांगत होती. साताऱ्यात शस्त्रक्रिया झाली. परसात जाताना ती भिंतीला हात लावते हेही तेव्हाच दिसलं. तिथे आता लोखंडी दांडा बसवला आहे. तिला तो आवडत नाही, पण ती त्यावर टॉवेल वाळत घालते.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. नेमके तेच सहा आठवडे इथे रोपांचे असतात. मी फवाऱ्याला टायमर लावला, बायकोला आणि मुलाला चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. २०२२ साली जुनी वाफी मोडून नवी करावी लागली होती, कारण तीन ते पाच वर्षांनी वाफा थकतोच. आणि टोमॅटो, वांगी, मिरच्या, बटाटे जिथे झाले त्या मातीत मुळांचा एक बुरशीचा रोग राहतो, तिथे स्ट्रॉबेरी लावायची नसते. आता आपल्यापैकी कुणाच्या मागच्या अंगणात वांगी-मिरच्या झालेल्या नाहीत अशी जागा शिल्लक असते? त्यामुळे नवा वाफा थेट घराच्या पुढे, रस्त्यालगत आहे. बायकोने त्यावर जे मत दिलं ते स्मरणिकेत छापण्याजोगं नाही. तरी पाणी तीच घालते. पण २०२४ च्या सप्टेंबरात टायमरची बॅटरी संपली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पाऊस तर थांबलाच होता. त्या वर्षीचा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना ठरला. २०२५ च्या जूनमध्ये फळं निम्म्याने कमी आली. मला कारण माहीत होतं. हेल्पलाइनला फोन केला नाही.

त्याच जुलैमध्ये नव्या वाफ्यावरून मोअर फिरवून झाल्यावर, मेथी पेरायला म्हणून मी मागची जुनी जागा खणायला घेतली. आईच्याच खुरप्याने. एका ठिकाणी काहीतरी टणत्कार झाला. गंजलेला, वाकडा झालेला आकडा. असे अधूनमधून सापडतात; मी ते खिडकीत एका वाटीत ठेवतो. वाईला फोन लावला.

“किती झाले?” तिने विचारलं.

मी वाटी ओतून मोजले. “एकोणीस.”

“अजून दोन आहेत. नीट बघ, पायात जातील कुणाच्या,” ती म्हणाली. “आणि कापलंस ना आज? मग पाणी घातलंस का?”

“घालतोय,” म्हटलं आणि फोन तसाच कानाला धरून नळ सोडायला गेलो.